घटक ४ : एका गावाचे चरित्र – चौल : बंदर ते वाडी

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

• गावाचे चरित्र लिहिताना कोणकोणती साधने वापरता येतात, हे सांगता येईल.
• ‘चौल’ या नावाच्या बदलत्या रूपांवरून मराठीतील एका ध्वनिपरिवर्तनाचे स्पष्टीकरण करता येईल.
• बंदराचा ऱ्हास आणि वाडीची शेती यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• गावाच्या कीर्तीचा इतिहास आणि गावात कष्ट करणाऱ्यांचा इतिहास यांतील फरक ओळखता येईल.
• स्वतःच्या गावाच्या चरित्रलेखनासाठी टिपणे काढता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण व्यक्तीच्या चरित्राचा विचार केला. व्यक्तीला जन्म असतो, मृत्यू असतो. त्यामुळे तिच्या चरित्राला आरंभ आणि शेवट आपोआप मिळतात. गावाचे तसे नसते. गाव कधी सुरू झाले हे सहसा कोणालाच सांगता येत नाही आणि गाव संपले असे आपण म्हणतो तेव्हाही तिथे कोणीतरी विहिरीचे पाणी काढत असतो, झाडाला आळे करत असतो. म्हणूनच गावाचे चरित्र लिहिणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : नेमके कोणाचे चरित्र लिहायचे? राजांचे, व्यापाऱ्यांचे, देवळांचे की त्या मातीत राबणाऱ्या माणसांचे?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपण रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील चौल हे गाव निवडले आहे. अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १५ किलोमीटरवर, रेवदंड्याला लागून असलेले चौल आज नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. मात्र एके काळी हे पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. चौलविषयी लिहिणारे बहुतेक जण ‘गेलेले वैभव’ या एकाच सुरात लिहितात. तो सूर खोटा नाही, पण तो अपुरा आहे. बंदर गेल्यावर उरलेल्या माणसांनी काय केले, हा चौलच्या चरित्राचा दुसरा आणि अधिक मोठा भाग आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ नावात साठवलेला इतिहास

गावाचे सर्वांत जुने कागदपत्र म्हणजे त्याचे नाव. चौलच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खरी आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात ‘सेमुल्ला’ हे बंदर येते. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलात ‘सिमुल्ला’ आहे. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत ‘चेमुल’ येथील दात्यांचा उल्लेख आढळतो. दहाव्या शतकाच्या आरंभी येथे आलेला अरब प्रवासी अल् मसूदी या गावाला ‘सैमूर’ म्हणतो. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितीन ‘चुविल’ असे लिहितो. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘चेऊल’ असे रूप येते आणि आज आपण ‘चौल’ म्हणतो.

ही नावे एकाखाली एक लिहून पाहा. दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली, ग्रीक आणि अरब लेखक आरंभी ‘स’ लिहितात, कारण ‘च’ हा ध्वनी त्यांच्या भाषांत नव्हता. हा फरक गावाच्या नावातला नसून ऐकणाऱ्याच्या कानातला आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जुन्या रूपांत मधोमध ‘म’ आहे. निकितीनच्या रूपात त्या जागी ‘व’ आला आहे आणि पुढे तो ‘व’ही स्वरांत विरून गेला आहे. चेमुल – चेवुल – चेऊल – चौल अशी ही वाट दिसते.

हा बदल चौलपुरता नाही. दोन स्वरांमधील ‘म’चा ‘व’ होणे हे मराठीच्या घडणीतील एक ठळक लक्षण आहे. संस्कृत ‘ग्राम’पासून ‘गाव’, ‘नाम’पासून ‘नाव’, ‘भ्रमर’पासून ‘भोवरा’ आणि ‘कुमार’पासून ‘कुवर’ हे शब्द याच वाटेने आले. म्हणजे ‘गावाचे नाव’ या आपल्या नेहमीच्या शब्दयोजनेतील दोन्ही शब्द ज्या नियमाने घडले, त्याच नियमाने ‘चौल’ हे नाव घडले.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. परदेशी प्रवाशाने लिहिलेले नाव म्हणजे त्या काळी गावात उच्चारले जाणारेच नाव, असे गृहीत धरता येत नाही. खलाशी आणि व्यापारी पूर्वापार चालत आलेले नाव पुढे चालवतात. गावातली बोली तोवर पुढे गेलेली असू शकते. म्हणून अशा उल्लेखांवरून बदलाची दिशा सांगता येते, पण बदलाचे नेमके वर्ष सांगता येत नाही.

नावाविषयी लोककथाही असतात. चौलला ‘चंपावती’ आणि रेवदंड्याला ‘रेवतीक्षेत्र’ म्हणण्याची परंपरा आहे. अशा कथा भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकल्या नाहीत तरी टाकून देऊ नयेत. गावाला स्वतःविषयी काय वाटते, हे त्या सांगतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) ‘चेमुल’पासून ‘चौल’ हे रूप होताना कोणते ध्वनिपरिवर्तन झाले?
(आ) ग्रीक व अरब लेखकांनी नावाच्या आरंभी ‘स’ का लिहिला?

४.२.२ दगडावरची मराठी

चौलच्या उत्तरेस, अलिबागच्या वाटेवर आक्षी हे गाव आहे. तेथील शिलालेख मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवा. शिलाहार राजा केशीदेवराय याच्या काळातील हा लेख दानासंबंधीचा आहे. लेखाच्या शिळेवर चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. चंद्र-सूर्य असेतोवर हे दान चालावे, असा त्याचा संकेत असतो. दान मोडणाऱ्याला शाप देणारे गाढवाचे शिल्पही त्यासोबत आहे. अशा शिळांना ‘गद्धेगाळ’ म्हणतात. या लेखाचा काळ सामान्यतः शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा सांगितला जातो आणि त्या वाचनानुसार तो मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक ठरतो. त्यातील आकड्यांचे वाचन शके ११३२ असे करणारे अभ्यासकही आहेत. झिजलेल्या दगडावरचा एखादा अंक कसा वाचला जातो, यावर भाषेच्या वयाचा निर्णय अवलंबून राहतो, हे यातून तुमच्या ध्यानात येईल.

याच किनाऱ्यावर दक्षिणेला दिवेआगर येथे शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील मराठी ताम्रपट सापडला. या दोन्ही लेखांकडे केवळ ‘जुने’ म्हणून पाहू नका. मराठी येथे काव्याच्या किंवा धर्मग्रंथाच्या रूपाने दिसत नाही. ती देण्याघेण्याच्या, हक्काच्या आणि साक्षीच्या कामासाठी वापरलेली दिसते. ज्यांना हा मजकूर कळायला हवा होता, ते लोक मराठी बोलत होते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

४.२.३ बंदराचे दिवस

बंदर का वाढले, हे समजण्यासाठी नकाशा समोर ठेवा. कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते, त्या मुखाच्या उत्तरेला रेवदंडा-चौल आणि दक्षिणेला कोर्लईचा डोंगर आहे. खाडीत गलबतांना आसरा होता आणि सह्याद्रीच्या घाटवाटांनी देशावरील बाजारपेठा जोडलेल्या होत्या. निकितीनचा प्रवास याचे चांगले उदाहरण आहे. विकण्यासाठी घोडा घेऊन तो चौलला उतरला आणि तेथून घाट चढून जुन्नरला गेला. समुद्र ओलांडून आलेला घोडा घाटावर विकला जाणे, हा या बंदराच्या व्यापाराचा नमुनाच होता.

अल् मसूदीच्या वर्णनावरून दहाव्या शतकात येथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती होती आणि ती शिलाहार राजाच्या राज्यात आपल्या रीतीने राहत होती, असे दिसते. त्याने दिलेला आकडा अंदाजाचा मानला, तरी वस्ती मोठी आणि स्थिरावलेली होती हे स्पष्ट आहे. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा आहे. या समाजातील बहुतेक लोक तेलाच्या घाण्यांवर काम करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले गेले. एखाद्या समाजाचा धर्म, धंदा आणि शेजाऱ्यांनी त्याची केलेली ओळख असे तिन्ही या एका मराठी नावात सामावले आहे.

इ. स. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत पोर्तुगीज आरमार आणि इजिप्त-गुजरातचे संयुक्त आरमार यांची लढाई झाली. तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी १५२१ ते १५२४ या काळात रेवदंड्याचा किल्ला उभारला. तेव्हापासून निजामशाहीचे वरचे चौल आणि पोर्तुगीजांचे खालचे चौल अशी दोन गावे शेजारी नांदू लागली. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. १५९४ मध्ये कोर्लईही पोर्तुगीजांच्या हाती गेली. वसईच्या मोहिमेनंतर, १७४० च्या तहाने, रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आली. १८१८ नंतर इंग्रजी अंमल सुरू झाला.

पोर्तुगीज गेले, पण त्यांची भाषा पूर्णपणे गेली नाही. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून घडलेली एक मिश्र भाषा आजही बोलली जाते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात.

४.२.४ बंदर गेले, पाणी राहिले

चौलचा ऱ्हास एका दिवसात झाला नाही. लढायांनी व्यापार विस्कळीत केला, खाडी गाळाने उथळ होत गेली, आधी सुरत आणि मग मुंबई ही बंदरे पुढे आली. युरोपीय प्रवाशांनी चौलच्या रेशमी कापडाची आणि लाकडी कलाकुसरीची वाखाणणी केली आहे. त्याच चौलचे विणकर मुंबईत आणून वसवण्याचे प्रयत्न सतराव्या शतकात इंग्रजांनी केले. बंदर मोडते तेव्हा आधी भांडवल जाते, मग कसब जाते. जमीन आणि पाणी मात्र जात नाही.

ही जमीन कशी आहे, ते पाहू. किनाऱ्यालगत वाळूमिश्रित मातीचा अरुंद पट्टा आहे. पावसाचे पाणी या मातीत मुरते आणि थोड्या खोलीवर गोड्या पाण्याचा साठा तयार होतो. पलीकडे समुद्र खारा, पण वाडीतली विहीर गोडी, हे या पट्ट्याचे वैशिष्ट्य होय. या विहिरींवर पूर्वी रहाट असत. बैल किंवा रेडा गोल फिरे, मडक्यांची माळ पाणी वर आणी आणि पाटांतून ते झाडांच्या आळ्यांत जाई. नारळ उंच वाढून ऊन पेलतो. त्याच्या सावलीत पोफळ वाढते. पोफळीच्या आधाराने मिरीचा किंवा पानाचा वेल चढतो. खाली केळ आणि अळू. एकाच जागेत तीन-चार मजल्यांची ही शेती आहे.

या शेतीला किनाऱ्यावर ‘आगर’ हा शब्द आहे. अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतच्या अशा आगरांच्या पट्ट्याला ‘अष्टागर’ म्हणतात. दिवेआगर, गुहागर ही नावेही त्याच शब्दाची. मीठ पिकवण्याच्या जागेलाही आगर म्हणतात – मिठागर. ‘आगरी’ हे समाजाचे नाव याच शब्दाशी निगडित आहे. ‘गुणांचे आगर’ असे आपण लेखनात म्हणतो, तेव्हा कोठाराचा, उगमस्थानाचा अर्थ अभिप्रेत असतो. ‘खाण’ हा अर्थ असलेल्या संस्कृत ‘आकर’ शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. नारळ देणारी बाग, मीठ देणारी जमीन आणि गुण देणारे मन यांना एकच शब्द लावणाऱ्या भाषेने ‘देत राहणे’ हा गुण महत्त्वाचा मानला आहे.

वाडीच्या शेतीने गावाचा स्वभावही घडवला. भाताचे पीक एका हंगामाचे असते; नारळ लावणारा सहा-सात वर्षे फळाची वाट पाहतो आणि लावलेले झाड नातवंडांपर्यंत पुरते. त्यामुळे येथे घर वाडीच्या आत असते, आणि वाडीची वाटणी हा कुटुंबातील सर्वांत नाजूक विषय असतो. झावळ्या विणणे, सुपारी सोलणे-वाळवणे, आळी शिंपणे या कामांचा फार मोठा भाग स्त्रियांनी उचलला. माळी, भंडारी, आगरी, कोळी, मुसलमान अशा अनेक समाजांच्या कष्टांवर ही व्यवस्था उभी होती.

चौलच्या रामेश्वर मंदिरातही पाण्याचाच विचार दिसतो. समोर मोठी पुष्करणी आहे, आणि मंदिरात पर्जन्य, अग्नी व वायू यांच्या नावांची कुंडे आहेत. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडण्याची परंपरा सांगितली जाते. ‘चौलमध्ये तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ तळी’ असे लोक म्हणतात. हा आकडा मोजदादीचा नव्हे. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक देऊळ आणि एक तळे, असे समृद्धीचे ते गणित आहे. देवळाइतकेच तळ्यालाही महत्त्व दिलेले आहे, याची नोंद घ्या.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) ‘आगर’ या शब्दाचे कोणतेही दोन अर्थ सांगा.
(आ) वाडीच्या शेतीत एकाच जागी अनेक पिके कशी घेता येतात?

४.२.५ जमीन कोणाची?

गावाचे चरित्र हिरव्या वाड्यांच्या वर्णनावर थांबले, तर ते पर्यटकांसाठीचे माहितीपत्रक होईल. त्यासाठी वाडीच्या कुंपणाबाहेर पाहायला हवे. अलिबाग तालुक्याच्या पूर्वेकडे खाडीलगत खारजमिनीतील भातशेती आहे. मातीचे बांध घालून भरतीचे पाणी थोपवायचे, उघाडीतून आतले पाणी बाहेर सोडायचे आणि पावसाने मीठ धुऊन निघालेल्या जमिनीत भात पिकवायचे, असे हे कष्टाचे काम. खोती पद्धतीत या कष्टाचा मोठा वाटा खोताच्या घरी जाई.

याविरुद्ध १९३३ मध्ये चरी येथे शेतकऱ्यांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील हे त्याचे नेते होते. पंचवीस गावांतील कुळांनी खोतांची जमीन कसायचे नाकारले. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून त्यांनी दिवस काढले आणि संप १९३९ पर्यंत, सहा वर्षे चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. त्याच वर्षी या चळवळीतून ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू झाले. कुळांना कायद्याने संरक्षण मिळण्याची वाट येथून मोकळी झाली. पुढे १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा झाला.

चौलच्या चरित्रात चरी कशासाठी, असे तुम्ही विचाराल. चौलचे नाव जगाच्या प्रवासवर्णनांत दोन हजार वर्षे येत राहिले, कारण लिहिणारे लोक जहाजाने तेथे येत होते. खारभूमीतल्या गावांत जहाज येत नव्हते, म्हणून त्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही. त्यांनी नांगर खाली ठेवला, तेव्हाच ती गावे वृत्तपत्रांत आली. कागदपत्रांत नसलेला इतिहास घडलाच नव्हता, असे समजणे ही गावाच्या चरित्रकाराची सर्वांत मोठी चूक ठरते.

४.२.६ आजचे चौल

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांतील नारळ-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. भाताचे नुकसान एका वर्षाचे असते. पोफळीची बाग पडली की पुन्हा उत्पन्न सुरू व्हायला पाच ते सात वर्षे लागतात. नुकसानभरपाईचा हिशेब क्षेत्रावर होतो, पण वाडीचे मोल झाडांच्या वयात असते.

वादळाहून मंद, पण तितकाच खोल बदल जमिनीच्या किमतीने घडत आहे. मुंबईहून मांडव्याला बोटीची वाहतूक होतीच. मार्च २०२० मध्ये मोटारी वाहून आणणारी रो-रो सेवाही सुरू झाली. शहर जवळ आले आणि वाडीला गिऱ्हाईक मिळाले. उत्पन्न अनिश्चित, माड-पोफळीवर चढणारे कामगार दुर्मीळ, सातबाऱ्यावर अनेक भावंडांची नावे. अशा वेळी वाडी विकणाऱ्याला दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे. विकलेल्या पैशांतून कोणाचे शिक्षण होते, कोणाचे कर्ज फिटते. मात्र विहिरीतून अतोनात उपसा झाला तर गोड्या पाण्याच्या जागी खारे पाणी सरकते आणि तेव्हा विकलेली व न विकलेली अशा दोन्ही वाड्या धोक्यात येतात. जमीन वेगवेगळ्या मालकांची असते. तिच्याखालचे पाणी एकच असते.

याच तालुक्यात दुसऱ्या दिशेचेही उदाहरण आहे. भातानंतर घेतल्या जाणाऱ्या आणि माळा विणून विकल्या जाणाऱ्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पिकाला गावाचे नाव कायद्याने जोडले गेले. नावाचे मोल केवळ इतिहासात नसते, बाजारातही असते, हे त्यावरून समजते.

४.३ सारांश

चौलचे नाव मराठीच्या ध्वनिपरिवर्तनाचा पुरावा देते, तर आक्षीची शिळा मराठीचा व्यवहारातील वापर दाखवते. खाडी आणि घाटवाटा यांमुळे बंदर वाढले. युद्धे, गाळ आणि नवी बंदरे यांमुळे ते मागे पडले. उथळ गोड्या पाण्यावर उभ्या असलेल्या वाडीच्या शेतीने गाव जगवले. शेजारच्या खारभूमीतील कुळांचा लढा आपल्याला सांगतो की, प्रसिद्ध गावाच्या चरित्रात अप्रसिद्ध माणसांना जागा मुद्दाम करून द्यावी लागते. आज त्या वाडीचे आणि तिच्याखालच्या पाण्याचे काय होणार, हा चौलच्या चरित्रातील चालू अध्याय आहे.

४.४ पारिभाषिक शब्द, शब्दार्थ

आगर : नारळ-पोफळीची बाग, मीठ पिकवण्याची जागा.
उघाडी : खारबांधातील पाणी सोडण्याची झडपेची जागा.
खोत : गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा वतनदार.
गद्धेगाळ : दान मोडणाऱ्यास शाप देणारी, गाढवाचे शिल्प असलेली शिळा.
पुष्करणी : देवळासमोरील बांधीव तळे.
पोफळ : सुपारीचे झाड.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) दोन स्वरांमधील ‘म’चा ‘व’ झाला आणि पुढे तो ‘व’ स्वरांत लोपला. (आ) ‘च’ हा ध्वनी त्यांच्या भाषांत नव्हता.

प्रश्न २ : (अ) नारळ-पोफळीची बाग, मीठ पिकवण्याची जागा. (आ) नारळ, पोफळ, वेल आणि केळ-अळू यांची उंची व उन्हाची गरज वेगवेगळी असल्याने ती एकमेकांच्या सावलीत व आधाराने वाढतात.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘बंदर मोडले, पण गाव मोडले नाही’ हे विधान चौलच्या आधारे स्पष्ट करा.
२. गावाच्या चरित्रलेखनात परदेशी प्रवाशांच्या वर्णनांचे महत्त्व आणि मर्यादा लिहा.
३. चरीच्या शेतकरी संपाचा उल्लेख चौलच्या चरित्रात करणे योग्य आहे का? सकारण मत मांडा.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील किंवा वस्तीतील दहा स्थलनामे गोळा करा : शेतांची, पाणवठ्यांची, आळ्यांची, टेकड्यांची. प्रत्येक नावाचा अर्थ किमान दोन वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांतील एक स्त्री असावी. दोघांची उत्तरे वेगळी आली, तर दोन्ही लिहा. बरोबर कोणते, हे ठरवण्याची घाई करू नका. नंतर गावातील अशा एका विहिरीची, तळ्याची किंवा ओढ्याची माहिती लिहा, जिच्यावर किंवा ज्याच्यावर पूर्वी अनेक कुटुंबे अवलंबून होती. ते पाणी कोणाला भरता येत होते आणि कोणाला नव्हते, हे अवश्य विचारा. या एका प्रश्नाच्या उत्तरात तुमच्या गावाच्या चरित्राचे पहिले प्रकरण तुम्हांला सापडेल.